भिंगाचा झूम आणि कात्रीचा झूम

मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून थोडं बाहेर गेल्यावर होडीवाला इंजिन बंद करतो. पाच मिनिटं कुणी बोलत नाही. मग ‘थंय बघा, थंय!’ अशी हाक येते, सगळी होडी एका अंगाला झुकते आणि होडीवाला खाली बसा म्हणून ओरडतो. तेवढ्यात राखाडी पाठ वर येऊन गेलेलीही असते. घरी येऊन व्हिडिओ लावावा तर त्यात भरपूर पाणी, कुणाची तरी टोपी आणि मधोमध ठोकळ्याठोकळ्यांचा एक काळपट डाग. हाच तो डॉल्फिन, असं पाहुण्यांना सांगावं लागतं.

हा डाग पाडण्यात डॉल्फिनचा दोष नसतो आणि बऱ्याचदा कॅमेऱ्याचाही नसतो. ‘झूम’ या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आपण एक समजतो, तिथे घोटाळा होतो.

सोनीचा सीएक्स४०५ हा स्वस्तातला हँडीकॅम घ्या. त्याला ऑप्टिकल झूम ३० पट आहे आणि डिजिटल झूम ३५० पट. दुकानात उभ्या माणसाला साहजिकच ३५० आवडतो. पण ३० हा भिंगाचा झूम आहे. त्यात कॅमेऱ्यातली भिंगं खरोखर पुढेमागे सरकतात आणि सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीवर, पडणारी प्रतिमाच मोठी होते. सेन्सरचे सगळे ठिपके (पिक्सेल) डॉल्फिनच्या कामी येतात; पाठीवरचा ओरखडा आधी दिसत नव्हता, तो दिसू लागतो. डिजिटल झूममध्ये भिंग जागचं हलत नाही. कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापतो आणि ताणून पडदाभर पसरवतो. त्याला मी कात्रीचा झूम म्हणतो.

कात्री किती कापते ते पाहा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. डिजिटल झूम दुप्पट केला की त्यातले ५.२ लाख उरतात, चौपट केला की १.३ लाख. बाकीची जागा कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. ३५० पटीत भिंगाचे ३० पट धरलेले असतात, म्हणजे कात्रीच्या वाट्याला सुमारे पावणेबारा पट येतात; तेवढ्यानेही खरे ठिपके जेमतेम १५ हजार राहतात. सुरुवातीच्या काही रंगीत मोबाइलच्या पडद्यावर साधारण एवढेच असत! ‘क्लिअर इमेज’, ‘इंटेलिजेंट’ अशा नावांचे झूमही याच घराण्यातले. त्यांचा अंदाज जरा बरा असतो, इतकंच.

मग डिजिटल बंद करून ऑप्टिकल ३० पट ताणावा का? होडीत तरी नको, आणि हे पटायला थोडं गणित लागतं. आपल्या किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात हमखास दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन, सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांचा गादा. पूर्ण वाढलेला साधारण अडीच मीटर लांब. तो होडीपासून ५० मीटरवर आहे असं धरू. झूम न लावता या हँडीकॅमच्या चौकटीत ६७ मीटर रुंद समुद्र मावतो, म्हणजे डॉल्फिन मुंगीएवढा. ३० पटीला मावतो फक्त सव्वादोन मीटर, म्हणजे अख्खा गादा त्यात बसतही नाही. तो कुठे वर येईल हे आधी माहीत नाही, वर राहणार एक-दोन सेकंद, आणि तुम्ही सव्वादोन मीटरच्या खिडकीतून समुद्र चाळताय. १० पटीला पावणेसात मीटर मावतात. डॉल्फिन चौकटीच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा दिसतो आणि आजूबाजूला चुकायला जागा राहते. मी १० च्या वर क्वचितच जातो.

हात हलणं तर आहेच. ३० पटीला कॅमेऱ्याची नजर अडीच अंशांइतकी अरुंद होते. हात अर्धा अंश हलला तरी चित्र पडद्याच्या पाचव्या भागाने सरकतं, आणि लाटेवरच्या होडीत अर्धा अंश म्हणजे काहीच नाही. या बाबतीत दोन्ही झूम सारखेच वाईट. चित्र जितकं मोठं तितका हादरा मोठा, मग ते भिंगाने वाढवा नाहीतर कात्रीने. प्रकाशाचा तोटा मात्र भिंगाच्या झूमला जास्त. पूर्ण लांबवल्यावर या कॅमेऱ्याचं छिद्र एफ १.८ वरून एफ ४ वर येतं (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान), म्हणजे उजेड पाचव्या हिश्श्यावर. दुपारी कळत नाही. पण डॉल्फिनच्या फेऱ्या सकाळी लवकर निघतात, तेव्हा दाणेदार चित्राचं कारण हेही असू शकतं.

आता कात्रीची बाजूही ऐकून घ्यायला हवी. सेन्सरवर ठिपके मुबलक असतील तर कापूनही बिघडत नाही. ४८ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ४८० लाख ठिपक्यांच्या मोबाइलमध्ये मधला तुकडा घेतला की २ पट झूमला १२ मेगापिक्सेल शिल्लक राहतात. व्हिडिओला तेवढे पुष्कळ. (मोबाइलमधले ३ पट, ५ पट हे बहुधा स्वतंत्र भिंगाचे असतात. त्यांच्या मधले आकडे कात्रीचे.) तसंच ‘फोर-के’ (4K) चित्रणाचं. त्यात ८३ लाख ठिपके असतात, म्हणून घरी बसून मधला पाव तुकडा कापला तरी पूर्ण फुल एचडी हाती लागतं. जुन्या हँडीकॅमकडे ही शिल्लक नसते. सीएक्स४०५ चा सेन्सर व्हिडिओसाठी जेमतेम २३ लाख ठिपके वापरतो, तिथे कात्री थेट हाडावर बसते.

तरीही कापायचंच असेल तर घरी कापा. काटेकोरपणे सांगायचं तर कॅमेऱ्यातली काप व्हिडिओ दाबून (कॉम्प्रेस करून) साठवण्याआधी होते, त्यामुळे ती किंचित स्वच्छ असते. पण होडीत कापलेलं परत येत नाही. डॉल्फिन चौकटीच्या डावीकडे निघाला तर तो गेला. घरी चौकट त्याच्यामागे सरकवता येते, चुकलं तर पुन्हा करता येतं.

आपल्या कॅमेऱ्याची हद्द ओळखायची तर खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी धरा आणि हळूहळू झूम करत जा. खाली बारीक लिहिलेलं काही नव्याने वाचता येतंय तोवर भिंग काम करतंय. अक्षरं नुसतीच मोठी होत जातात, नवीन काही वाचता येत नाही, तिथून कात्री सुरू. बऱ्याच हँडीकॅमच्या मेनूत डिजिटल झूम बंद करता येतो. तो घरीच बंद करून निघावं, होडीत मेनू शोधायला वेळ नसतो.

आणखी एक. झूम कमी पडला की लोक होडीवाल्याला ‘दादा, अजून जवळ घ्या ना’ म्हणतात. इंजिनाच्या आवाजाने गादे बुडी मारतात आणि भलतीकडेच वर येतात. शिवाय हा प्राणी कायद्याने संरक्षित आहे आणि २०१७ पासून जागतिक पातळीवर संकटग्रस्त गणला जातो. इंजिन बंद ठेवून थांबलं, १० पटीवर कॅमेरा धरून दोन्ही कोपर अंगाशी घट्ट लावले आणि दुसरा डोळा उघडा ठेवला, की पाठ वर येताना आधी त्या उघड्या डोळ्याला दिसते. रेकॉर्डिंग त्याआधीच सुरू असू द्या. वीस मिनिटं नुसतं पाणी साठलं तरी ते पुसता येतं.