रस्त्याला भेग पडली: दरड की प्रस्तरभंग?

पावसाळ्यात चोर्ला घाट बंद पडला की बेळगावात बातमी दोन भाषांतून येते. कन्नडमध्ये ‘गुड्ड कुसित’, मराठीत ‘दरड कोसळली’. दोन्ही शब्द चोख आहेत. घोळ होतो तो रस्त्याला लांबलचक भेग दिसली की. जांबोटीच्या टपरीवर चहा येईपर्यंत निकाल लागलेला असतो: "जमीन फाटलीय की हो, खाली फॉल्ट असणार. आता भूकंप होतोय बघा."

फॉल्ट म्हणजे शाळेच्या भूगोलातला प्रस्तरभंग. नुसत्या भेगेला प्रस्तरभंग म्हणत नाहीत. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून पुढे-मागे किंवा वर-खाली सरकले असतील, तरच तो प्रस्तरभंग. नाहीतर तो खडकातला साधा सांधा. गोकाकच्या कड्यांत असे उभे-आडवे सांधे किती तरी आहेत, तेवढ्याने गोकाक काही भूकंपाचं गाव ठरत नाही. 2019 च्या ऑक्टोबरात तिथल्या डोंगरावरची एक प्रचंड शिळा पावसाने सुटून खालच्या वस्तीवर येईल अशी भीती होती. ती करामत पाण्याची आणि उताराची. भूगर्भाचा त्यात हात नव्हता.

दरडीला खाली ओढतं ते तिचं स्वतःचं वजन. प्रस्तरभंगाला ढकलतो तो भूकवचात साठलेला ताण. भारताची भूमी वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटते आहे, त्याचा दाब दख्खनच्या खडकांतही मुरलेला असतो. म्हणून 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरली, तेव्हा तिथे घसरायला डोंगरच नव्हता, सपाट काळं रान होतं. जमिनीखाली खडकाची एक बाजू दुसरीवर चढली. उलट 30 जुलै 2014 ला माळीण गाडलं गेलं ते मुसळधार पावसाने. दीडशेवर माणसं गेली, पण भूकंप झालाच नव्हता.

मग माणसं फसतात कशी? माझ्या मते दोष टपरीवाल्यांचा नाही, दरडच तशी फसवी असते. प्रस्तरभंगाचे तीन प्रकार आपण पाठ करतो: ताणाने एक बाजू खाली बसते, दाबाने एक बाजू दुसरीवर चढते, किंवा दोन्ही बाजू आडव्या घासत जातात. घसरणाऱ्या उतारावर हे तिन्ही एकाच वेळी सापडतात! माथ्यावर माती ताणली जाऊन पायरीसारखी खचते, पायथ्याशी तीच माती दाबली जाऊन फुगते आणि पुढच्या जमिनीवर चढते, दोन्ही कडांना आडवी घासण होते. घासलेल्या पृष्ठभागावरच्या गुळगुळीत रेघोट्याही दोन्हीकडे सारख्याच. एवढासा तुकडा पाहून भूवैज्ञानिकही घाईने बोलत नाही.

त्यासाठी भेगेच्या मागे चालत जावं लागतं. दरडीची भेग बहुधा घोड्याच्या नालासारखी वळते आणि तिची दोन्ही टोकं उताराकडे झुकतात. खाली ती सरकण्याची पातळी थोड्या मीटरांवर, मोठ्या दरडीत वीस-तीस किंवा त्याहूनही जास्त मीटरांवर, पुन्हा उतारातून बाहेर पडते. म्हणजे दरडीला तळ असतो. प्रस्तरभंग उताराची पर्वा करत नाही. नदी, टेकडी, शेत ओलांडून तो आपल्या दिशेने जातो आणि खाली किलोमीटरच्या किलोमीटर उतरतो. कोयनेचे भूकंप समजून घ्यायला तिथल्या भागात 3 किलोमीटर खोल भोक पाडावं लागलं, आणि तिथले बरेच धक्के त्याहूनही खोलवर उगम पावतात.

पाणी मात्र दोघांनाही सरकवतं, आणि मला या विषयात सगळ्यात रंजक वाटतं ते हेच. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्याखालच्या चिकणमातीत ते पाणी साचलं की वजन वाढतं हे खरं, पण खरा घात होतो तो कणांमधल्या पाण्याच्या दाबाने. तो मातीला आतून उचलून धरतो, घर्षण सुटतं, उतार निघतो. कोयनेत शिवाजीसागर भरू लागला 1962 च्या सुमारास, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. तिथे पाण्याचा दाब खोल भेगांत पोचला आणि आधीच ताणलेल्या प्रस्तरभंगाची पकड ढिली झाली, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ताण पाण्याने आणला नव्हता, त्याने फक्त कडी काढली.

दोघांची गाठही पडते. भूकंपाच्या हादऱ्याने दरडी सुटतात. जुन्या प्रस्तरभंगालगतचा खडक भरडलेला असतो, त्यामुळे तिथला उतार आधीच कच्चा असतो. प्रस्तरभंग एकदा सरकून थांबत नाही. ताण पुन्हा साठतो, त्याच रेषेवर पुन्हा सुटतो. कोयनेत अजून लहान धक्के बसतात ते म्हणूनच.

तेव्हा घराच्या वरच्या बाजूला उतारात भेग दिसली तर भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकावी आणि मुसळधारेच्या दिवसांत टेपने रोज सकाळ-संध्याकाळ अंतर मोजावं. अंतर वाढू लागलं, झाडं-खांब कलू लागले, पायथ्याशी नवा गढूळ झरा फुटला, तर तो डोंगर निघालेला आहे. टेप तिथेच टाकून घरातल्यांना घेऊन आडव्या दिशेने बाजूला व्हावं.