एका ऑक्सिजनचा फरक

डीएनएतला ‘डी’ म्हणजे डीऑक्सी, ज्याच्यातला एक ऑक्सिजन कमी आहे असा. दहावीत हे पाठ होतं आणि परीक्षेनंतर विरून जातं. आरएनए आणि डीएनए यांच्यातला फरक लिहायला सांगितला की आपण तक्ता आखतो: एक धागा की दोन, अक्षरांत युरॅसिल की थायमिन, साखर रायबोज की डीऑक्सिरायबोज. तक्त्यात तिन्ही ओळी सारख्याच वजनाच्या दिसतात. माझ्या मते खरी ओळ साखरेची. तो एक ऑक्सिजन लोकांच्या नीट ध्यानात यायला जवळजवळ शंभर वर्षं गेली.

सुरुवात पुवापासून झाली. १८६९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गढीत, जुन्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत फ्रीडरिश मीशर हा तरुण डॉक्टर इस्पितळातून आणलेल्या जखमांच्या पट्ट्या धुऊन पांढऱ्या पेशी गोळा करत होता. त्यांच्या केंद्रकांतून त्याला फॉस्फरसयुक्त, प्रथिनांपेक्षा निराळा पदार्थ मिळाला. त्याला त्याने ‘न्यूक्लिन’ म्हटलं.

हा पदार्थ म्हणजे एक आम्ल. पुढे तो दोन ठिकाणांहून भरपूर मिळू लागला: वासराच्या थायमस ग्रंथीतून आणि यीस्टमधून. दोन्ही नमुने थोडे वेगळे निघाले. यीस्ट तेव्हा वनस्पतींत जमा, त्यामुळे एक आम्ल प्राण्यांचं आणि दुसरं वनस्पतींचं अशी समजूत झाली, ती बरीच वर्षं टिकली.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फीबस लेव्हीनने १९०९ मध्ये यीस्टच्या आम्लातली साखर ओळखली: रायबोज. थायमसच्या आम्लातली साखर मात्र हाती लागेना. रेणू तोडायला तीव्र आम्ल वापरायचं, तर ही साखरच त्यात मोडून जायची. शेवटी पाचकरसांनी हळुवार तोडून १९२९ मध्ये तिची ओळख पटली. ती रायबोजसारखीच होती, फक्त दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन नव्हता. म्हणून थायमसचं आम्ल ते डीएनए आणि यीस्टचं ते आरएनए.

प्राणी-वनस्पती हा भेद तोपर्यंत डळमळू लागला होता. १९२४ मध्ये रॉबर्ट फॉयल्गेनने एक रंग-परीक्षा काढली. सौम्य आम्लात ठेवून रंग दिला की डीएनए किरमिजी होतो, आरएनए होत नाही. ही परीक्षा वनस्पतींच्या केंद्रकांवर केली तर तीही किरमिजी! पुढे ज्याँ ब्राशेने समुद्री साळूच्या अंड्यांत आरएनए दाखवला. दोन्ही आम्लं सगळ्यांकडेच आहेत: डीएनए केंद्रकात, आरएनए मुख्यतः बाहेर पेशीद्रवात. आणि जिथे प्रथिनं झपाट्याने बनतात तिथे आरएनए जास्त, हे ब्राशे आणि स्वीडनचा कास्परसन या दोघांनाही १९४० च्या आसपास दिसलं.

१९५३ चा वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या दुहेरी पिळावरचा पानभराचा लेख सगळ्यांना माहीत असतो. त्यातलं एक वाक्य सहसा कोणी सांगत नाही. डीऑक्सिरायबोजच्या जागी रायबोज घालून हीच रचना उभी करणं बहुधा अशक्य आहे, कारण तो जादा ऑक्सिजन शेजारच्या अणूंना फार खेटेल, असं त्यांनी तिथेच लिहून ठेवलं होतं.

तीनच वर्षांनी अलेक्झांडर रिच आणि डेव्हिड डेव्हिस यांनी दोन कृत्रिम आरएनए एकत्र मिसळले, एकात फक्त अडेनिन हे अक्षर आणि दुसऱ्यात फक्त युरॅसिल. ते आपणहून एकमेकांभोवती गुंफले गेले. म्हणजे आरएनएचाही दुहेरी पीळ होतो! पण वॉटसन-क्रिक चुकले असं नाही, कारण हा पीळ निराळा आहे. ऑक्सिजनला जागा द्यायला साखर वेगळी वाकते, पीळ आखूड आणि जाड होतो, एका वेढ्यात दहाऐवजी सुमारे अकरा जोड्या बसतात.

पेशीतला आरएनए बहुतेक वेळा एकच धागा असतो, पण तो सरळ ताणलेला नसतो, स्वतःवरच दुमडतो. रॉबर्ट हॉलीने यीस्टमधल्या एका ट्रान्सफर आरएनएची (प्रथिन बनताना त्याचे घटक आणून देणाऱ्या आरएनएची) ७७ अक्षरं १९६५ मध्ये वाचली. त्याचा जनुक पुढे हरगोविंद खुराना यांनी प्रयोगशाळेत जोडून दाखवला. अशाच एका रेणूचा त्रिमितीय आकार १९७३-७४ मध्ये कळला: काटकोनात वाकलेला. १९८२ मध्ये थॉमस चेकला असा आरएनए सापडला की जो प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःला कापून पुन्हा जोडतो. आधी त्याला वाटलं, कुठलं तरी प्रथिन चिकटून राहिलं असेल.

या सगळ्याची किंमत म्हणजे नाजूकपणा. दुसऱ्या कार्बनवरचा तो ऑक्सिजन शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तुटते. अल्कलीत हे झपाट्याने होतं, डीएनए तिथे टिकून राहतो. आपल्या बोटांवरचं रायबोन्यूक्लिएज हे आरएनए तोडणारं विकर नेमकी हीच युक्ती वापरतं आणि उकळूनही सहजी मरत नाही. म्हणून आरएनएवर काम करणारे हातमोजे घालतात, बर्फाची ट्रे शेजारी ठेवतात, पिपेटसुद्धा कोणाला उसनी देत नाहीत.

करोनाकाळात फायझरच्या एमआरएनए लशीला (प्रथिन बनवायचा निरोप नेणाऱ्या आरएनएच्या लशीला) उणे ७० अंशांचे फ्रीझर का लागले, त्याचं एक कारण हेच. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, ती मात्र साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत राहते. त्यांनी लस गोठवून तिच्यातलं पाणी उडवलं आणि भुकटी करून कुपीत भरली.