विलापगीत (एखा)

हिब्रू बायबलमधील पाच शोककाव्यांचा ग्रंथ. जेरुसलेमचा विध्वंस हा त्याचा विषय आहे. ‘एखा’ म्हणजे ‘कशी!’, पहिले, दुसरे व चौथे काव्य याच उद्गाराने सुरू होते आणि तोच ग्रंथाचे हिब्रू नाव झाला. मराठी बायबलमध्ये हा ग्रंथ ‘विलापगीत’ या नावाने येतो. परंपरेने त्याचे कर्तृत्व यिर्मया संदेष्ट्याकडे दिले असले, तरी बहुतेक आधुनिक अभ्यासक ते मान्य करत नाहीत.

इ. स. पू. ५९७ मध्ये बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने जेरुसलेम जिंकून जेरुसलेम राजधानी असलेल्या यहूदा राज्याचा तरुण राजा यहोयाखीन याला दरबाऱ्यांसह व कारागिरांसह बॅबिलोनला नेले. पुढे इ. स. पू. ५८६ च्या सुमारास, उरलेल्या राज्याने बंड केल्यावर, नगर व मंदिर जाळण्यात आले आणि आणखी लोक नेले गेले. यिर्मयाच्या ग्रंथात तीन खेपांची एकूण संख्या ४,६०० दिली आहे, तर बायबलमधील ‘राजे’ या ग्रंथात एकट्या पहिल्या खेपेलाच १०,००० माणसे नेल्याचे म्हटले आहे. बॅबिलोनच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर यहोयाखीन आणि त्याचे पाच पुत्र यांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. हद्दपार राजाच्या रोजच्या जगण्याचा इतका जवळचा पुरावा क्वचितच हाती लागतो.

विलापगीताची रचना अतिशय काटेकोर आहे. पहिल्या चार काव्यांची कडवी हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी असल्याने त्यांची संख्या ६६ होते. पाचव्यात ओळी २२ च आहेत, पण अक्षरक्रम सुटला आहे. दुःख आलेफपासून तावपर्यंत, म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, संपूर्ण सांगावे, असा या बंधनाचा अर्थ लावला जातो. मात्र आवर घातल्याशिवाय हे दुःख बोलताच आले नसते, हेही तितकेच खरे वाटते. अनेक ओळींचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा आखूड असतो, जणू श्वास मध्येच तुटावा. या लयीला ‘किना’, म्हणजे विलाप, असेच नाव आहे.

काव्यांतील नगरी ही विधवा आहे. ती रात्री रडते, अश्रू गालांवर असतात आणि सांत्वन करणारा कोणी नसतो. तान्ह्याची जीभ तहानेने टाळूला चिकटते, मुले भाकर मागतात आणि कोणी ती मोडून देत नाही. ‘आमचेच पाणी आम्ही पैसे देऊन पितो’ ही पाचव्या काव्यातील तक्रार तर थेट बाजारातली आहे. हा शोक मुख्यतः मागे राहिलेल्यांचा आहे. नेलेल्यांचा शोक बायबलच्या स्तोत्रसंग्रहातील १३७ व्या स्तोत्रात आहे. तेथे बंदिवान बॅबिलोनच्या नद्यांकाठी वीणा झाडांना टांगून रडतात, कारण पकडून आणणारेच त्यांना सियोनची, म्हणजे जेरुसलेमची, गाणी म्हणायला सांगत असतात. या स्तोत्राचा शेवट शत्रूची बालके खडकावर आपटण्याच्या भीषण उद्गारात होतो. अनेक गायनरूपांत तो गाळला जातो, पण त्यावाचून या शोकातील संतापाची ओळख अपुरी राहते.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेममध्ये पुन्हा उभारलेले दुसरे मंदिर नष्ट केले. दोन्ही विध्वंसांचा शोक ज्यू लोक आपल्या पंचांगातील आव महिन्याच्या नवमीला एकत्र पाळतात. त्या रात्री सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) दिवे मंद करून, लोक जमिनीवर किंवा बुटक्या बैठकीवर बसून एखाचे खास शोकस्वरांत वाचन ऐकतात. उपवास असतो आणि कातडी पादत्राणे वर्ज्य असतात. धर्मग्रंथाच्या अध्ययनाने आनंद होतो, म्हणून शोकपर भाग वगळता तेही थांबवतात. ग्रंथाची अखेरची ओळ देवाच्या कोपाची असल्यामुळे तिच्या आधीची, ‘आम्हाला परत आण’ ही ओळ शेवटी पुन्हा म्हटली जाते. कोकणातील बेने इस्रायली या ज्यू समाजात या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ हे नाव मिळाले, ते मोड आणून सोललेल्या वालांच्या बिरड्यावरून.

चित्रशिल्पात हा शोक जेत्यांच्या हातूनही उमटला. विजयाप्रीत्यर्थ पाडलेल्या रोमन नाण्यांवर ताडवृक्षाखाली बसून रडणारी स्त्री म्हणजे पराभूत यहूदिया. एकाकी बसलेली नगरी हीच एखाचीही पहिली प्रतिमा आहे. रेम्ब्राँटच्या १६३० च्या चित्रात वृद्ध यिर्मया हातावर डोके टेकून बसला आहे आणि डावीकडे दूर नगर जळते आहे. त्याच बाजूला डोळे झाकून घेणारी एक लहानशी आकृती दिसते. पुत्रांचा वध पाहायला लावून ज्याचे डोळे काढण्यात आले, तो यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया म्हणून ती ओळखली जाते.

संगीतात व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’ (१८४२) या ऑपेरातील बंदिवान हिब्रूंचे समूहगान सर्वांत लोकप्रिय ठरले. त्याचा आधार १३७ वे स्तोत्र आहे. सालोमोने रॉस्सी या ज्यू संगीतकाराने हेच स्तोत्र मूळ हिब्रूत अनेक स्वरांसाठी रचले. एखाच्या ख्रिस्ती गायनपरंपरेत मात्र एक विलक्षण गोष्ट टिकली आहे. लॅटिन भाषांतरात अक्षरक्रम हरवला, तरी कडव्यांच्या आरंभी हिब्रू अक्षरांची नावे तशीच राहिली. सोळाव्या शतकातील इंग्रज संगीतकार टॉमस टॅलिस याने ‘आलेफ’, ‘बेथ’ ही नुसती नावेच लांब, संथ, एकमेकांत गुंतणाऱ्या स्वरांत गाण्यासाठी रचली. श्रोत्याच्या कानी आधी ते अक्षर पडते आणि मगच विलापाचे शब्द सुरू होतात.