एकाच गंजातली शितं

मार्च लागला की आमच्याकडे पानटपरीवर दोनच विषय, तुरीचा भाव आणि दहावीचा पेपर. यंदा गावातल्या सराव परीक्षेत विज्ञानाच्या पेपरात दोन पोरींचे सात प्रश्न चुकले आणि सातही ठिकाणी चुकीचा पर्याय सेम टू सेम. टपरीवर लगेच निकाल लागला की कॉपी केली, "आता अजून कोन्ता पुरावा पायजे सर तुमाले?"

बरोबर उत्तरं जुळली तर त्यात काही नाही, अभ्यास केला की जुळतातच. चुका जुळल्या तर संशय येतो, आणि यावा पण. फक्त आधी हिशोब करा. ४० पोरांच्या वर्गात जोड्या किती? २० नाही, ७८०! प्रत्येकाची उरलेल्या ३९ जणांसोबत जोडी लागते ना. समजा कॉपी न करताही इतक्या चुका जुळायचा चान्स २०० त १ आहे, तरी चारेक जोड्या अशाच निघतील, आणि आपण गठ्ठा चाळून त्यातलीच एक वर काढतो अन म्हणतो सापडल्या.

त्यात ह्या दोघी एकाच ट्युशनच्या. झाडं फक्त रात्रीच श्वसन करतात, हे दोघींनी लिहिलं, पण हा गैरसमज तर मोठ्यामोठ्यांना असतो (झाडं दिवसरात्र श्वसन करतात). शितावरून भाताची परीक्षा होते कारण सगळा भात एकाच गंजात शिजतो, मग एकाच गंजातली दोन शितं सारखी निघाली तर एकानं दुसऱ्याची चोरी केली का?

मशीनलाही अशी चोरी पकडणं जमत नाही बरं. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीनं २०२३ मध्ये एआयनं लिहिलेला मजकूर ओळखायचं टूल काढलं, त्यांच्याच चाचणीत ते असा २६ टक्केच मजकूर पकडायचं आणि माणसानं लिहिलेल्यातला ९ टक्के उगाच एआयचा ठरवायचं. म्हणजे १०० निबंधांत १० एआयचे असले तर सापडणार दोन-तीन, आणि प्रामाणिक ९० मधले आठ जण फुकट बदनाम. सहा महिन्यांत बंद केलं त्यांनी ते.

मी आपला बैठक व्यवस्थेचा कागद मागितला. एक पोरगी पहिल्या खोलीत, दुसरी तिसऱ्या, मधे ऑफिस. टपरीवर सांगितलं तर दोन मिनिटं सगळे चूप, मग सुपारी कातरत एकजण म्हणे, "मंग मोबाईलवर केली असन."