अनिवार्य व ऐच्छिक संदेश (डेटाबेस प्रोटोकॉल)

क्लायंट (मागणी करणारा प्रोग्राम) व डेटाबेस सर्व्हर (माहिती साठवून पुरवणारा) यांच्या देवाणघेवाणीत काही संदेशांवाचून पुढची पायरी सुरूच होत नाही, ते अनिवार्य. काही आले नाहीत तर एखादी सोय तेवढी जाते, ते ऐच्छिक. पुढील विवेचन पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या प्रोटोकॉल 3.0 ला, म्हणजे संदेशांच्या ठरलेल्या नियमांना, धरून आहे (पोस्टग्रेएसक्यूएलच्या 7.4 आवृत्तीपासून, 2003).

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यात साठानोंदीचा प्रोग्राम सर्व्हरला जोडायचा आहे असे धरू. पहिल्या स्टार्टअप संदेशात यूजरचे नाव लागतेच. डेटाबेसचे नाव गाळल्यास यूजरचेच नाव धरले जाते. पासवर्ड जुळला की ऑथेंटिकेशनओके, मग अक्षरांचे एन्कोडिंग, टाइमझोन इत्यादी सांगणारे पॅरामीटरस्टेटस, बॅकएंडकीडेटा आणि अखेर रेडीफॉरक्वेरी येतो. हा अखेरचा मिळेपर्यंत क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) पाठवायची नसते.

मतभेद आहे तो बॅकएंडकीडेटाबद्दल. त्यात 4 बाइटांचा प्रोसेस क्रमांक आणि 3.0 मध्ये 4 बाइटांची गुप्त किल्ली असते (3.2 मध्ये ती 256 बाइटांपर्यंत वाढू शकते). चालू क्वेरी रद्द करायची तर क्लायंट वेगळे कनेक्शन उघडून हीच जोडी सादर करतो. सर्व्हर उत्तर न देता ते बंद करतो. मूळ सर्व्हर हा संदेश नेमाने पाठवतो, म्हणून काही जण तो अनिवार्य मानतात. पण हाच प्रोटोकॉल बोलणारे काही पूलर (थोडी कनेक्शन अनेक क्लायंटांत वाटणारे मध्यस्थ) व सुसंगत सर्व्हर तो पाठवत नाहीत, आणि लॉगिनलाच अडून बसणारा क्लायंट तिथे निरुपयोगी ठरतो. लॉगिन होऊ द्यावे, ‘रद्द करा’ दाबल्यावरच त्रुटी दाखवावी, हे मत व्यवहारात अधिक टिकते.

नोटिसरिस्पॉन्स (सर्व्हरची सूचना) व पॅरामीटरस्टेटस केव्हाही येऊ शकतात: त्यांचे येणे सर्व्हरच्या मर्जीचे, पण ते स्वीकारणे क्लायंटला बंधनकारक. विस्तारित क्वेरीत, म्हणजे एकच क्वेरी अनेक संदेशांच्या टप्प्यांत पाठवताना, डिस्क्राइब (निकालाचे स्वरूप विचारणारा संदेश) वगळता येतो. सिंक (टप्पे संपल्याचे सांगणारा संदेश) मात्र विसरला की उत्तरे सर्व्हरच्या बफरमध्येच राहतात आणि दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत थांबतात; त्रुटी आल्यावरही सिंक मिळेपर्यंत सर्व्हर पुढचे सारे संदेश टाकून देतो.

टर्मिनेट हा निरोपाचा संदेश. प्रोग्राम नुसता बंद पडला तर सॉकेट (कनेक्शनचे टोक) मिटल्याचे सर्व्हरला कळते. वीज गेली किंवा केबल निघाली तर कळत नाही: लिनक्सवर मूळ सेटिंगनुसार कीपअलाइव्हची (समोरची बाजू जिवंत आहे का हे पाहण्याची) पहिली तपासणी 7200 सेकंदांनी होते, आणि निदान तोवर अर्धवट ट्रान्झॅक्शनने (एकत्रच पूर्ण व्हायच्या बदलांच्या गटाने) लॉक केलेली साठ्याची नोंद डिस्पॅचच्या संगणकावरून बदलता येत नाही.