महाशिरेतली गाठ आणि प्रत्यारोपणाचा हात

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची एक खोड फार घातक आहे. तो मूत्रपिंडाच्या शिरेत शिरतो, तिथून पोटातल्या महाशिरेत जातो आणि वर सरकत यकृताच्या मागे, क्वचित थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोहोचतो. शिरेतल्या या लांबट गाठीला ‘ट्यूमर थ्रॉम्बस’ म्हणतात. शस्त्रक्रियेत तिचा तुकडा सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकला, तर रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. तरीही ती काढायलाच हवी, कारण कर्करोग इतरत्र पसरलेला नसेल तर काही रुग्ण त्यानंतर वर्षानुवर्षं जगतात.

अडचण असते यकृताची. महाशिरेचा नेमका तोच भाग त्याच्या मागे दडलेला असतो. म्हणून गाठ फार वर गेली की छाती उघडायची, हृदय-फुप्फुस यंत्र लावायचं, शरीर १८ अंशांच्या आसपास थंड करून रक्ताभिसरणच थांबवायचं, असा मार्ग निघाला. त्याने जीव वाचले, पण यंत्रासाठी रक्त पातळ करावं लागतं आणि मग रक्तस्राव आवरत नाही.

यकृताच्या मागे हात घालायची सवय होती ती प्रत्यारोपण करणाऱ्यांना. त्या सवयीचं मूळ फ्रान्समधल्या ल्योंमध्ये आहे. १८९४ मध्ये तिथे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना भोसकलं गेलं. यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटली होती आणि ती शिवणं तेव्हा कुणालाच जमत नव्हतं. तिथेच वैद्यक शिकणाऱ्या तरुण आलेक्सी कॅरेल यांच्या मनाला हे लागलं. ते भरतकाम करणाऱ्या एका बाईकडून बारीक सुईचं काम शिकले आणि १९०२ मध्ये त्यांनी रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजचं मूत्रपिंड, यकृत, हृदय अशा अवयवांचं प्रत्यारोपण त्या टाक्यांवर उभं आहे.

१९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी केलं. १९७१ मध्ये केंब्रिजच्या रॉय कॅन यांनी हेच कौशल्य कर्करोगाकडे वळवलं. रुग्णाला एकच मूत्रपिंड होतं आणि त्यातच गाठ. त्यांनी ते शरीराबाहेर काढलं, गाठ कापली आणि त्याच माणसात परत बसवलं.

यकृताची वाट जास्त खडतर होती. डेन्व्हरला १९६३ मध्ये थॉमस स्टार्झल यांनी केलेल्या पहिल्या यकृत प्रत्यारोपणात तीन वर्षांचा मुलगा रक्तस्रावाने गेला. यश मिळायला १९६७ उजाडलं. तेव्हा जुन्या यकृतासोबत महाशिरेचा तुकडाही काढला जाई. १९८९ मध्ये अँड्रियास त्झाकिस, स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी ‘पिगीबॅक’ पद्धत मांडली. तिच्यात यकृतातून महाशिरेत उतरणाऱ्या बारीक शिरा एकेक करून बांधायच्या, यकृत सोलल्यासारखं वेगळं करायचं आणि रुग्णाची महाशीर जागच्या जागी ठेवायची.

हे वाचताना मला वाटतं, कर्करोग शल्यविशारदांना हवी असलेली वाट इथेच मोकळी झाली होती. त्झाकिस पुढे मायामी विद्यापीठात गेले. तिथेच प्रत्यारोपण आणि मूत्रविकार शस्त्रक्रिया दोन्ही करणारे गाएतानो सियान्सिओ आणि मूत्रविकारतज्ज्ञ मार्क सोलोवे यांनी ही पद्धत मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी वापरली. आधी मूत्रपिंडाची धमनी बांधायची. गाठीचा रक्तपुरवठा तुटला की फुगलेल्या आडशिरा, म्हणजे अडलेल्या रक्ताने बाजूने वाट काढलेल्या शिरा, ओसरतात. मग यकृताचे बंध सोडवून ते डावीकडे वळवायचं, बारीक शिरा बांधायच्या. महाशीर उघडी पडते. गाठ बोटांनी हळूहळू खाली सरकवून यकृताच्या मुख्य शिरांखाली आणता आली, तर रक्त रोखणारा चिमटा तिथे लागतो आणि यकृताचं रक्त हृदयाकडे जात राहतं. गाठ त्याहून वर असेल, तर श्वासपटल पोटातूनच उघडून हृदयाच्या कप्प्यापर्यंत पोहोचता येतं. अनेक रुग्णांची छाती उघडावी लागत नाही, यंत्रही टळतं.

कप्प्याच्या भिंतीला चिकटलेल्या गाठीसाठी मात्र अजूनही हृदय शल्यविशारद आणि त्यांचं यंत्र शेजारी तयार ठेवावं लागतं.