भिंतीच्या भेगेतून येणारा मेंदूज्वर

चांदीपुरा हे नागपूरजवळचं गाव. 1965 साली नागपूर भागात चिकुनगुनिया आणि डेंगीची मोठी साथ होती. त्या वेळी तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधले (आताची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही) प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी तो वेगळा केला आणि 1967 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. नाव दिलं गावाचं, चांदीपुरा. त्या काळची पद्धतच तशी होती. नव्या आजाराला ठिकाणाचं नाव देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगते, आणि ते मला मनापासून पटतं. गावाचा काहीही दोष नसताना साथ आली की त्याचं नाव भीतीनं घेतलं जातं.

बराच काळ या विषाणूकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. 2003 च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं मेंदूज्वरानं आजारी पडली आणि त्यातली 183 दगावली, तेव्हा त्याचं खरं रूप दिसलं. त्याच पावसाळ्यात विदर्भातही मुलांना त्याची लागण झाली. 2024 मध्ये गुजरातेत तो पुन्हा बातम्यांत आला.

या आजाराचा वेग भयंकर असतो. आदल्या दिवशी अंगणात खेळणारं मूल एकाएकी तापानं फणफणतं, उलट्या होतात, आकडी येते, ते ग्लानीत जातं. अनेक मुलं पहिल्या 24 ते 48 तासांतच गेली आहेत. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं, तर इतर मेंदूज्वरांत दिसतात तशा पांढऱ्या पेशी त्यात पुष्कळदा वाढलेल्या नसतात. म्हणजे शरीराचं सैन्य पुरतं जमण्याआधीच मेंदूला सूज आलेली असते. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की विषाणू शिरलेल्या चेतापेशी स्वतःच स्वतःला संपवू लागतात. मोठ्या उंदरांना तोच विषाणू टोचला तर ते तगतात, पिल्लं मात्र मरतात. माणसांतही झळ बसते ती मुख्यतः पंधरा वर्षांखालच्या मुलांना. साथीच्या भागातल्या पुष्कळ मोठ्या माणसांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळतात. त्यांना तो कधीतरी गाठून गेलेला असतो.

विषाणू रेबीजच्या कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. पण तो कुत्र्यामार्फत येत नाही, वाळूमाशीमार्फत येतो. ही माशी दोन-तीन मिलिमीटरची, डासाहूनही लहान, अंगावर केस असलेली. तिला अंडी घालायला साचलेलं पाणी लागत नाही. मातीच्या भिंतीची भेग, गोठ्यातली ओलसर माती, शेणाचा ढीग एवढं तिला पुरतं. संसर्ग झालेली मादी विषाणू थेट आपल्या अंड्यांतही उतरवू शकते. म्हणून टाकीवर झाकण घालणं, कोरडा दिवस पाळणं ही डेंगीसाठी शिकलेली कामं इथे उपयोगी पडत नाहीत. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही ती आत येते. जाळी बारीक विणीची लागते.

या आजारावर अजून लस नाही, विषाणू मारणारं खास औषधही नाही. तरी रुग्णालयात करता येण्यासारखं पुष्कळ असतं: आकडी थांबवणं, ताप उतरवणं, मेंदूची सूज कमी करणं, रक्तातली साखर सांभाळणं, श्वासाला आधार देणं. म्हणून सगळी मदार मूल तिथे किती लवकर पोचतं यावर असते. आकडी आलेल्या मुलाला कुशीवर वळवा. दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जाणारी दहा मिनिटंसुद्धा या आजारात फार मोलाची असतात. पावसाळ्यात ताप आणि आकडी एकत्र आली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता निघा.

आणि पाऊस सुरू होण्याआधी भिंतीच्या भेगा लिंपून घ्या, शेणाचा ढीग आणि गोठा मुलं झोपतात त्या खोलीपासून लांब हलवा. वाळूमाशी फार उंच उडत नाही, भिंतीवर उड्या मारल्यासारखी सरकत राहते. म्हणून फवारणीला माणूस आला की जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतची भिंत, गोठ्याचे कोपरे आणि खाटेमागची अंधारी जागा त्याला आवर्जून दाखवा.